पार्श्वभूमीसाठी रॉ अंबर: कामाचा रंग, पण नुसता फासू नका

वस्तुचित्राची पार्श्वभूमी शिकताना तैलरंगाची एकच जास्तीची ट्यूब घ्यायची असेल, तर रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाची घ्या. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो आणि नुसता लावला की कॅनव्हासला भोक पडल्यासारखा दिसतो. रॉ अंबरमध्ये मुळातच मँगनीज असतं, त्यामुळे त्याचा पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो.

घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. फक्त पीबीआर ७ (PBr7, हा अंबरच्या मातीचा क्रमांक) असेल तर घ्या. नावापुढे ‘ह्यू’ असेल किंवा दोन-तीन क्रमांक दिले असतील तर ते मिश्रण असतं, आणि पटकन वाळण्याचा गुण त्यात असेलच असं नाही.

टायटॅनियम व्हाइट फार जोरकस असतो. म्हणून अंबरमध्ये पांढरा थोडाथोडा घाला, उलटं करू नका. थंड, किंचित हिरवट राखाडी मिळते. गडद हवा असेल तर अल्ट्रामरीन निळा मिसळा. ३० बाय ४० सेंमी कॅनव्हासला दोन सुपाऱ्यांएवढा रंग एकदमच कालवून ठेवा. दुसऱ्यांदा कालवलेला हुबेहूब जुळत नाही आणि ठिगळ दिसतं.

पहिला थर थोड्या टर्पेंटाइनने पातळ करून रुंद, राठ केसांच्या ब्रशने आडवाउभा घासा. टर्पेंटाइन जास्त झालं तर वाळलेला रंग बोटाला लागतो. उजेड डावीकडून असेल तर भांड्याच्या उजळ बाजूमागे पार्श्वभूमी गडद ठेवा, सावलीच्या बाजूमागे थोडी उजळ. भांडं पूर्ण करून मग त्याच्या कडेकडेने पार्श्वभूमी भरत गेलात, तर ते कापून चिकटवल्यासारखं दिसणारच! दोन्ही ओलं असतानाच पार्श्वभूमीचा रंग भांड्याच्या रेषेच्या जरा आत न्या, मग भांड्याची कड त्यावर ओढा. सावलीकडची कड कोरड्या ब्रशने हलकेच पुसट करा.

या रंगाचा खरा दोष म्हणजे तो ‘बसतो’. अंबर तेल खूप पितो, त्यात खालचा जेसोही (कॅनव्हासवरचं पांढरं अस्तर) तेल ओढून घेतो. वाळल्यावर पार्श्वभूमी निस्तेज, डागाळलेली आणि फिकट दिसते. नवशिके इथे घाबरून आणखी गडद थर चढवतात, आणि वार्निश लावल्यावर सगळंच काळं पडतं. त्याऐवजी थर कोरडा झाल्यावर जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब धागे न सुटणाऱ्या कापडाने चोळा आणि लगेच नीट पुसून काढा. मूळची छटा परत दिसते. दुरुस्ती करायची की नाही हे तेव्हा ठरवा. मागे राहिलेलं तेल पिवळं पडतं, म्हणून पुसण्यात कंजुषी नको. तेलाचं कापड चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

लाल-नारिंगी फळांमागे ही हिरवट राखाडी फार छान काम करते, फळं तिच्यापुढे जास्त लाल वाटतात. तांब्याच्या भांड्यामागे ऊब हवी असेल तर मात्र बर्न्ट अंबर, म्हणजे भाजलेला, लालसर तपकिरी अंबर बरा.