मोडी नोंदींतून वंशावळ : सोलापुरातील एक सेवा

घराण्याचा माग काढण्यासाठी आम्ही सोलापुरातील एका मोडी लिप्यंतरकारांची सेवा घेतली आणि ती मनापासून शिफारस करण्याजोगी आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळालेल्या गाव नमुना १४ च्या, म्हणजे कोतवाल बुकाच्या (गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या), नकला त्यांनी ओळीओळीने देवनागरीत उतरवल्या. जिथे शाई पसरली होती तिथे अंदाजाने नाव न भरता जागा मोकळी सोडली, आणि हा प्रामाणिकपणा मला सर्वांत मोलाचा वाटला. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत आडनाव अनेकदा आढळत नाही, म्हणून त्यांनी जमिनीच्या वारस नोंदी व फेरफारही (हक्कबदलाच्या नोंदी) ताडून पाहिले, तेव्हा कुठे एकाच नावाचे दोन चुलतभाऊ वेगवेगळे ओळखता आले. वंशावळीचा तक्ता मात्र ओबडधोबड आहे. नकला आपणच आधी काढून न्याव्यात, कारण त्यासाठीचा अर्ज ते करत नाहीत.