तेल खाणारी टुरिंग बाइक: टॉप-अप करत चालवायची की इंजिन खोलायचं?

गाडी तेल खाते म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला शब्द निघतो, 'रिंग-पिस्टन', म्हणजे इंजिन खोलून पिस्टन आणि त्याभोवतीच्या रिंग बदला. जरा थांबा. एअर-कूल्ड इंजिन उन्हाळ्यात हायवेवर तासन्‌तास पळालं की थोडं तेल जळणारच.

आधी मोजा. साइड स्टँडवर इंजिनच्या तेल-पातळीच्या काचेत तेल कमी दिसतं, आपण ओततो, ते जास्त होतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरकडे जातं. मग वाटतं गाडी तेल पिते! डबल स्टँडवर, सपाट जागी, इंजिन गरम करून बंद करा, दोन-तीन मिनिटांनी बघा. आणखी एक फसगत आहे. नाशिकमध्ये सिडको ते सातपूर रोजच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल तेलात उतरतं आणि पातळी फुगते. लांबच्या राइडला ते उडून गेलं की तेल अचानक घटल्यासारखं दिसतं.

माझ्या गाडीत साधारण २ लिटर तेल बसतं, हजार किलोमीटरला १०० मिली कमी होतं. ५,००० किलोमीटरला अर्धा लिटर, म्हणजे पाव भाग. बघितलंच नाही तर धोका आहे, मध्ये दोन-तीनदा त्याच ग्रेडचं तेल भरलं तर काही बिघडत नाही. एवढ्यासाठी मी इंजिन खोलणार नाही.

खोलायचं कधी? इगतपुरीहून कसारा घाट उतरताना थ्रॉटल बंद, गिअरवर गाडी रोखलेली. खाली येऊन थ्रॉटल दिला आणि मागच्या मित्राला निळ्या धुराचा भपका दिसला, तर व्हॉल्व सील किंवा गाइड (व्हॉल्वच्या दांड्यावरून तेल आत उतरू न देणारं सील आणि दांडा ज्यात सरकतो ती नळी) बघा. सकाळी स्टार्टला निळा धूर आला तरी तेच. फक्त सीलवर भागलं तर बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या सिलिंडरला, हात लावायची गरज नाही. चढावर जोर देताना सतत निळा धूर आणि पिकअपही पडलेला असेल तर संशय रिंगवर. तेव्हा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्याशिवाय खोलू देऊ नका.

जाड तेल घालून खप दाबायचा सल्ला मला पटत नाही. निफाडकडच्या थंडीत पहाटे जाड तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि बरीच झीज तेव्हाच होते.

रिंग बदलल्याच, तर त्या बसेपर्यंत सुरुवातीला थोडं तेल जातं. त्या काळात दर पेट्रोलला पातळी बघा.