डे-नाइट सेन्सर: वस्तू चांगली, दुकानदार अर्धवट

नौपाड्यात आमची जुनी चार मजली बिल्डिंग, जिन्याचे दिवे लावायचे कोणी आणि बंद करायचे कोणी यावरून दर मीटिंगला वाजायचं, सकाळी अकरापर्यंत चालूच असायचे. शेवटी वैतागून मीच स्टेशनजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन डे-नाइट सेन्सर घेऊन आलो, अंधार पडला की दिवा आपोआप लावणारे आणि उजाडलं की बंद करणारे. आधी दुकानदार सोलरचा दिवाच गळ्यात मारत होता, त्यात वेगळा सेन्सर लागत नाही, पॅनलवरचा उजेड गेला की व्होल्टेज पडतं आणि दिवा लागतो, पण आमच्या जिन्यात ऊन येतंय कुठे?

काउंटरवर सेन्सर अंगठ्याने झाकून बल्ब पेटवून दाखवला, म्हणाला "साहेब लावा आणि विसरा". कागद वगैरे काही नाही, काळी वायर फेज, पांढरी न्यूट्रल, लाल वायर दिव्याकडे, एवढंच तोंडी.

लावला, पण विसरता कुठे येतंय. रात्रभर पेटतोय, विझतोय, परत पेटतोय. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या "डिस्को लावलास का रे". झालं काय, सेन्सर मी दिव्याच्या बरोब्बर खाली बसवलेला, दिवा लागला की त्याचाच उजेड याच्यावर, याला वाटतं उजाडलं. अरे भाऊ विकताना एक वाक्य सांगायला काय जातं? मग बाहेरच्या भिंतीवर छज्जाखाली, दिव्याकडे पाठ करून लावला, तेव्हापासून शांतता.

दुसरा पीस मी घरी उघडून बघितला, सवय आहे मला. आत डाळीच्या दाण्याएवढी चकती, तिच्यावर नागमोडी रेघ, ती कॅडमियम सल्फाइडची. अंधारात तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, लाखो ओहम, उजेड पडला की एकदम उतरतो, बाकी सर्किट त्यावरच चालतं. आणि गंमत म्हणजे ही रेघ हिरव्या-पिवळ्या उजेडाला जास्त मानते, जवळपास आपल्या डोळ्यासारखंच, त्यामुळे आपल्याला अंधारून आलं असं वाटतं तेव्हाच हाही दिवा लावतो. गेटवर रिक्षाचा हेडलाइट पडला तरी लगेच बंद होत नाही, थोडं थांबून खात्री करून घेतो, हे मला फार आवडलं.

दोन पावसाळे झाले. यंदा दिवे तासभर आधीच लागायला लागले, म्हटलं गेला वाटतं, शिडी लावून बघतो तर वरच्या प्लास्टिकच्या टोपीवर शेवाळ आणि धूळ. ओल्या फडक्याने पुसला, झालं. मेन बंद करून पुसा मात्र.

वस्तूला 4 स्टार, दुकानाला 2, तेही सुट्टे पैसे नीट दिले म्हणून.

तळमजल्यावरच्या काकूंची आता नवीन तक्रार आहे, जुलैत दुपारी तीनला ढग भरून आले की दिवे लागतात, बिल वाढतं. म्हटलं काकू, तुम्हीपण तेव्हा घरात लाइट लावताच की.