‘कुत्र्यांचं स्वागत आहे’ म्हणणाऱ्या आरव्हीवाल्याने आम्हाला कसं गंडवलं

आमचे कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक या तळ्याचे फोटो बघून ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं, की कुत्र्यांना घेऊन आरव्हीने, म्हणजे आत पलंग, स्वयंपाकघर, संडास असलेल्या गाडीने जायचंय, गाडी कुठून घेतली, नंबर द्या. नंबर देणार नाही. ट्रिप झकास झाली हे खरं, पण परत आल्यावर गाडीच्या मालकाने आम्हाला जी टोपी घातली ती कशी घातली, हे सविस्तर लिहिते. त्याची पद्धत हुशारीची आहे आणि ती खास कुत्रेवाल्यांसाठीच बेतलेली आहे.

आरव्हीच का, हे ज्यांच्या घरी कुत्रे आहेत त्यांना सांगायला नको. मोटेलवाले एकच कुत्रा चालेल म्हणतात, तोही लहान. आमचा भैरू तीस किलोचा, काळाकुळकुळीत. सुपारी लहानखुरी, तपकिरी, आखूड केसांची. दोघांच्याही अंगावर पांढरा केस औषधालासुद्धा सापडणार नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. योसेमिटी नॅशनल पार्कात कुत्र्यांना फक्त डांबरी रस्ते, फरसबंद वाटा आणि कॅम्पग्राउंड एवढीच मुभा, डोंगरातल्या पायवाटांवर बंदी. त्यामानाने सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्वेकडचा ३९५ हायवे कुत्र्यांना फार चांगला. तिथली बरीचशी जमीन नॅशनल फॉरेस्टची, त्यामुळे पट्टा बांधून बहुतेक तळ्यांकाठी फिरवता येतं. आपलं घरच बरोबर असलं की झालं, असा विचार करून आरव्ही.

मोठ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, आणि सामान्य लोक आपली स्वतःची आरव्ही वेबसाइटवर भाड्याने लावतात त्याही असतात. आम्ही दुसऱ्या प्रकारची घेतली. पंचवीस फुटी, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतची आरव्ही साध्या लायसन्सवर चालवता येते. पंधराशे डॉलर डिपॉझिट, कुत्र्यांचे दीडशे वेगळे, रोज शंभर मैल आणि जनरेटरचे तीन तास फुकट, पुढे मीटरप्रमाणे. साडेचारच्या वर स्टार, आणि ठळक अक्षरांत ‘पेट फ्रेंडली’. जाता जाता, क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचा जो विमा फुकट मिळतो त्यातून आरव्ही बहुतेक वेळा वगळलेली असते. तो विमा वेगळा घ्यावा लागतो. आम्ही घेतला होता.

गाडी ताब्यात घ्यायची वेळ दुपारी तीनची ठरली होती. आधीच्या लोकांनी उशिरा दिली, साफसफाई चालली आहे, निघालोच, असे फोन येत राहिले आणि स्टोरेज यार्डात गृहस्थ उगवले तेव्हा अंधार पडला होता. त्या रात्रीचं कॅम्पग्राउंड टाहो तळ्याजवळ बुक होतं, तिथवर दोन तासांचा घाट. सामान जमिनीवर, कुत्रे पट्ट्याला हिसके देतायत. त्याने मोबाइलच्या टॉर्चवर गाडी दाखवली, भराभर. ऑनिंग, म्हणजे दाराच्या बाजूला उघडणारं कापडी छत, बघू म्हटलं तर म्हणाला, वारा आहे, मोटर नाजूक आहे, आत्ता नको. वारा कसला, पान हलत नव्हतं. जनरेटरच्या मीटरचा आकडा त्याने स्वतःच फॉर्मवर लिहिला.

आणि मग सगळं झाल्यावर, किल्ली हातात धरून, तो वरच्या चारशे डॉलरवर आला. वेबसाइटच्या डिपॉझिटमध्ये कुत्र्यांचा वास धरत नाहीत, म्हणून मी सगळ्यांकडून वेगळे घेतो, गाडी परत आली की त्याच दिवशी परत करतो, बँकेच्या अॅपवरून पाठवा. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि नाक नेमकं कधी दाबायचं हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तीन वाजता मागितले असते तर आम्ही बुकिंग रद्द केलं असतं. रात्री आठ वाजता दोन कुत्रे घेऊन कुठे जाणार?

असे थेट पाठवलेले पैसे आपणच बटण दाबून पाठवलेले असतात, त्यामुळे बँक सहसा हात वर करते. क्रेडिट कार्डाचं तसं नाही. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्टप्रमाणे चुकीच्या बिलावर स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. म्हणून ज्याला गडबड करायची असते तो कार्ड टाळतो.

प्रवासाबद्दल थोडक्यातच सांगते. टाहोहून मॉनिटर पासवरून ३९५ ला उतरलो. नकाशात सोनोरा पास जवळचा दिसला तरी आरव्हीने त्या वाटेला जाऊ नका, तिथला चढ काही ठिकाणी २६ टक्के आहे. मोनो लेकचं पाणी समुद्राच्या अडीचपट खारट. लॉस एंजेलिस शहराने १९४१ पासून त्याला मिळणारे ओढे वळवून नेले, तळं खाली गेलं, आणि पाण्याखाली तयार झालेले टुफाचे, म्हणजे चुनखडीचे, सुळके उघडे पडले. कुत्र्यांना ते पाणी पिऊ देऊ नका, आपली बाटली न्या. भैरूने माश्यांच्या काळ्या थरात तोंड घातलं. काठाला तिथे लाखोंनी माश्या बसलेल्या असतात आणि आपण गेलो की लाटेसारख्या सरकतात. पुढे जून लेक, कॉन्व्हिक्ट लेक. कॉन्व्हिक्ट लेकला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते, कुत्र्यांसकट.

जून लेकला दुपारी ऑनिंग उघडलं तेव्हा कापडाला हातभर चीर, वर हिरवी टेप. मी फोटो काढून लगेच मालकाला पाठवला. मेसेजला उत्तर नाही, पाच मिनिटांत फोन आला. जुनंच आहे ते, काळजी करू नका, मजा करा. तेव्हा खटकलं ते हे, की हा माणूस काहीही लिहून देत नाही. आपण मेसेज करायचा आणि त्याने फोन करायचा. पैसे मागितले तेही तोंडी, जुनं आहे तेही तोंडी. त्यानंतर मी प्रत्येक फोननंतर ‘आत्ता आपलं असं असं बोलणं झालं’ असा मेसेज टाकायला लागले. यानेच पुढे आम्हाला तारलं.

दुसरी गोष्ट मॅमथला कळली. मॅमथ लेक्स गाव ७,८०० फुटांच्या वर आहे, सप्टेंबरात रात्री चांगलाच गारठा. पहिल्यांदाच फर्नेस, म्हणजे गाडीतला हीटर, लावला. आरव्हीत गरम हवा जमिनीलगतच्या जाळ्यांमधून येते. पहिल्या दिवसापासून गाडीत सुगंधी डब्यांचा घमघमाट होता, सॉकेटला लावायच्या असतात त्या, दोन-तीन ठिकाणी खोचलेल्या. डोकं दुखतं म्हणून मी त्या काढून ठेवल्या होत्या. फर्नेस सुरू झाला आणि गरम हवेबरोबर जुन्या मुताचा वास सगळ्या गाडीभर. भैरू जेवणाच्या टेबलाखालच्या जाळीला नाक लावून बसला तो हलेना. नवऱ्याने जाळीचे स्क्रू काढले. आतून लांब पांढऱ्या केसांचा लिंबाएवढा गोळा निघाला, त्यात कुत्र्यांच्या खाण्याचे दाणे अडकलेले. आमचे कुत्रे दाणे खात नाहीत, त्यांना घरचा भात असतो. फोटो काढला, पाठवला. फोन आला. मजा करा.

जनरेटरचंही सांगायला हवं, कारण कुत्रेवाले तिथे आयते सापडतात. बिशप गाव खाली चार हजार फुटांवर, तिथे सप्टेंबरातही दुपारी चटके बसतात. छपरावरचा एसी कॅम्पग्राउंडची वीज नसेल तर जनरेटरवरच चालतो. किराणा आणायला अर्धा तास जरी जायचं तरी कुत्र्यांना बंद गाडीत तसंच ठेवणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ, मग जनरेटर लावायचा. कुत्रे आहेत म्हटल्यावर तास जास्त होणारच हे मालकाला माहीत असतं, त्यामुळे त्याने ते वाढवून लावले तरी कुणाला शंका येत नाही.

परत द्यायच्या दिवशी मेसेज नाही, फोनच. किल्ली लॉकबॉक्समध्ये टाका, मी बाहेर आहे, नंतर बघतो. घेताना अंधार आणि देताना मालक गायब. नवऱ्याने मात्र सगळे ड्रॉवर, फरशी, छत उघडून, टाक्यांसकट मोठा व्हिडिओ काढला. दुसऱ्याच दिवशी वेबसाइटचा ईमेल, प्रवास कसा झाला, स्टार द्या. बिल आलं आठवडाभराने. साडेचारच्या वर स्टार कुठून येतात ते इथे समजतं. लोक ट्रिपच्या धुंदीत स्टार देऊन मोकळे होतात आणि बिल नंतर येतं.

बिल असं. वास काढायची ओझोन ट्रीटमेंट ४५० डॉलर. फरशीवर कुत्र्यांच्या नखांचे ओरखडे, ६००. ऑनिंग फाडलं, ८५०. संडासाची टाकी रिकामी केली नाही, १५०. जनरेटरचे जादा तास, ९०. एकूण २,१४०. डिपॉझिटचे पंधराशे वळते करून वर ६४० आणखी द्या. सोबत पुरावा म्हणून सोफ्याच्या शिवणीत अडकलेल्या केसांचा फोटो. लांब. पांढरे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी त्याची सगळी जुनी रिव्ह्यू काढून वाचली, सगळ्यात कमी स्टारवाली आधी आणि लोकांनी टाकलेले फोटो एकेक करून. वसंत ऋतूतल्या एका फोटोत तंबूशेजारी आमचीच गाडी, ऑनिंगला तीच चीर, तीच हिरवी टेप. आणखी एका फोटोत सोफ्यावर पांढराशुभ्र हस्की ऐसपैस पसरलेला, खाली पाच स्टार. त्या बाईंना नंतर किती रुपयांना कात्री लागली देव जाणे. डॉलर म्हणायचंय मला, पण जिथे पैसे बुडतात तिथे तोंडात रुपयेच येतात.

वेबसाइटच्या क्लेमवाल्यांना हे सगळं पाठवलं. ऑनिंग गेलं. ओरखड्यांना मालकाकडे आधीचा फोटोच नव्हता, तेही गेलं. टाकीचं सांगायचं तर, आम्ही डंप स्टेशनवर, म्हणजे आरव्हीच्या टाक्या ओततात त्या ठिकाणी, रिकामी केल्याची पावती होती. तो दाखवत होता भिंतीवरच्या पॅनेलचा ‘फुल’ दिवा. आरव्ही चालवणाऱ्या कुणालाही विचारा, टाकीच्या आतल्या सेन्सरला कागद चिकटला की तो दिवा रिकाम्या टाकीतही लागून राहतो. जनरेटरसाठी नवऱ्याने पहिल्या रात्री बटणाचा फोटो काढून ठेवला होता, कुठलं आधी दाबायचं ते आठवावं म्हणून. त्या फोटोत मीटर दिसत होता, आणि त्यातला आकडा फॉर्मवरच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला. एक तासही न चालवता.

वासाचे ४५० मात्र गेले. जाळीतल्या गोळ्याचा फोटो दिला, हस्की दिला, माझे मेसेज दिले. उपयोग नाही. करारात एक ओळ आहे, वास आला की नाही हे गाडीमालकाने ठरवायचं. माझ्या मते सगळा डाव या ओळीवर उभा आहे. फाटलेलं कापड फोटोत दिसतं, मैल मीटरवर दिसतात, वास कशातच दिसत नाही. म्हणून जुन्या वासाची गाडी ‘पेट फ्रेंडली’ म्हणून लावायची, प्रत्येक कुत्रेवाल्याकडून तोच वास काढायचे पैसे घ्यायचे, आणि वास तसाच ठेवायचा. बाकीची कलमं बहुधा घासाघिशीत सोडून द्यायलाच घातलेली असतात. त्यामुळे कराराच्या मसुद्यात ‘ओडर’ (वास) हा शब्द शोधा. मालकाचाच निर्णय अंतिम असं काही असेल तर गाडी कितीही गोंडस असो, दुसरी बघा. आणि घेताना सुगंधी डब्या काढायला लावा, फर्नेस दहा मिनिटं चालवायला सांगा. नको म्हणाला तर उत्तर मिळालंच. उजेडात भेटायला टाळाटाळ करत असेल तरी तेच.

बँकेच्या अॅपवरून गेलेले चारशे, त्यांचं वेबसाइटच्या लेखी अस्तित्वच नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आमच्या बाहेर दिलेल्या पैशांशी आमचा संबंध नाही. कार्डाच्या बँकेने ४५० वरची हरकत कराराची तीच ओळ दाखवून फेटाळली. डिपॉझिटमधले १,०५० परत आले, ८५० गेले.

नवरा म्हणतो जाऊ दे, कोर्टकचेऱ्या कोण करतंय. पण कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही. माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, आमच्याएवढ्या रकमेला फी ३० डॉलर. अट एकच, आधी समोरच्याकडे पैसे मागितलेले असले पाहिजेत. चारशेंचं मागणीपत्र त्याला रजिस्टर पोस्टाने गेलंय, पत्राबरोबर त्या रात्री मी पाठवलेला ‘वासाचं डिपॉझिट चारशे पाठवलं, परतीच्या दिवशी मिळेल असं तुम्ही म्हणालात’ हा मेसेज. उत्तर म्हणून त्याचे फोन येतायत. मी उचलत नाही, लिहून पाठवा म्हणते. पत्रातली मुदत महिनाअखेरीस संपते. दाव्याचा एससी-१०० फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय.