निकॉन एफएम2 + ऑलिम्पस एक्सए2: मांडवी-रावपुऱ्याच्या फेरीसाठी जोडी

दोन फिल्म कॅमेरे न्यायचे तर दोघांची कामं वेगळी हवीत. दोन्हींत तीच फिल्म आणि तशीच लेन्स असेल तर दुसरा कॅमेरा म्हणजे गळ्याला ओझं. बडोद्याच्या जुन्या शहरासाठी, म्हणजे मांडवी-रावपुऱ्यासाठी, ही जोडी उत्तम जमते. 50 मिमी एफ/1.8 लेन्स लावलेला एफएम2 साधारण 700 ग्रॅम भरतो, तो गळ्यात. एक्सए2 जेमतेम 200 ग्रॅमचा, तो शर्टाच्या खिशात.

कुठल्या कॅमेऱ्यात कुठली फिल्म घालायची हे तिथला जुना तांबेकर वाडा ठरवतो. तिथली भित्तिचित्रं रंगीत, आतला उजेड कमी आणि चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही. म्हणून रंगीत 400 आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता) फिल्म एफएम2 मध्ये, एचपी5 (कृष्णधवल, तीही 400 ची) एक्सए2 मध्ये. एक्सए2 ची लेन्स एफ/3.5, म्हणजे जवळजवळ दोन स्टॉप मंद (उजेड साधारण चौथाई): एफएम2 ला 1/30 सेकंद मिळतं तिथे हा 1/8 वर जातो आणि चित्र हलतं. शटर 1/30 च्या खाली गेलं की एक्सए2 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा दिवा लागतो. दिवा दिसला की कॅमेरा सरळ खिशात ठेवा. एफएम2 एफ/1.8 वर असेल तर भिंतीला अगदी समांतर उभं राहा, नाहीतर चित्राची एक बाजू फोकसबाहेर जाते. बाहेर भर उन्हातही 1/4000 मुळे 400 ची फिल्म एफ/5.6 ला चालते.

मांडवीच्या गर्दीत मात्र एक्सए2 ला तोड नाही. झाकण सरकवलं की कॅमेरा तयार, आवाज जवळपास नाहीच. मोठी खोड एकच, आणि ती फार रोल खाते: झाकण बंद केलं की फोकसची खूण आपोआप मधल्या चिन्हावर येते. आधी जवळच्या माणसासाठी लावलेली असली, तरी झाकण उघडल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा लावावी लागते.

एफएम2 चा ॲडव्हान्स लीव्हर थोडा बाहेर काढल्याशिवाय शटर चालत नाही. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांना तो कपाळाला टोचतो, तेवढं सोसावं लागतं. बॅगेत ठेवताना तो पूर्ण आत दाबा, म्हणजे चुकून शटर उडणार नाही. फिल्म भरल्यावर पुढे सरकवताना रिवाइंडची खुंटी फिरते का ते बघा. फिरत नसेल तर फिल्म पकडलेलीच नाही.

सेलच्या बाबतीत ही जोडी फार सोयीची, कारण दोन्हींना एलआर44 चे दोनच सेल लागतात. सेल संपले की एक्सए2 पूर्ण बंद पडतो. एफएम2 चं फक्त उजेड मोजणारं मीटर जातं, शटर यांत्रिक असल्याने सगळे वेग चालतात. तेव्हा अडचणीत एफएम2 चे सेल काढून एक्सए2 मध्ये घाला आणि एफएम2 वर उन्हात एफ/16 ला 1/500 धरा.

दोन्ही फिल्म 400 च्याच असल्याने आयएसओची चूक टळते, पण रोल एकमेकांत मिसळतात. दोन्ही कॅमेऱ्यांच्या पाठीवर मास्किंग टेप लावून फिल्मचं नाव लिहा. उन्हाळ्यात रोल स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, रंगीत फिल्मचे रंग उतरतात.