पीएफ कापला गेला तेव्हा कळलं

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतली कंपनी खरी होती, तिथली लॅब खरी होती, महिन्याच्या महिन्याला खात्यात पैसेही येत होते. खोटी होती ती फक्त अप्रेंटिसशिप. फसवणूक म्हटलं की पैसे घेऊन पळालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे कितीतरी महिने कुणी पळालंच नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

बडोद्यात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करणाऱ्याच्या घरी शेवटच्या वर्षापासून रिफायनरी, नंदेसरी, दहेज ही नावं रोजच्या जेवणात असतात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली, तिथल्या गज्जर सरांचा आणि कोटीभास्करांचा १९०७ मध्ये अलेंबिक ही रसायनं-औषधांची कंपनी उभी करण्यात हात होता, हे आमच्या दांडिया बाजारातल्या आजोबा मंडळींना तोंडपाठ आहे. आज अशा कारखान्यांत शिरायचं कसं, हे मात्र त्यांच्यापैकी कुणी सांगत नाही. ते सांगणारा माणूस आम्हाला गणपती मंडळातल्या ओळखीतून मिळाला. मराठी बोलणारा, आईला ‘काकू’ म्हणणारा, सयाजीगंजात ऑफिस थाटलेला. भिंतीवर सरकारी योजनांची पोस्टरं.

त्याने सांगितलेलं बरंचसं बरोबर होतं, आणि गोम तिथेच आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बीएस्सी झालेल्यांसाठी ‘अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट)’ हा ट्रेड खरोखरच आहे, रिफायनऱ्या त्याच्या जाहिराती काढतात. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ट्रेनिंग होतं, शेवटी परीक्षा होते, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पदवीधराला किमान ९,००० रुपये स्टायपेंड, हाही २०१९ च्या नियमांतलाच आकडा. या सगळ्याला त्याने दोन गोष्टी जोडल्या. ‘रजिस्ट्रेशन, मेडिकल आणि सेफ्टी किट’चे १८,५०० रुपये, आणि ‘वर्षानंतर कन्फर्म’. सरकारी पोर्टलवर उमेदवाराची नोंदणी फुकट होते. आणि ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं कायदा कुठल्याही कंपनीला सांगत नाही. कन्फर्मचं वचन द्यायला एजंट कोण?

पत्र एजन्सीच्या लेटरहेडवर आलं. त्यावर ट्रेडचं नाव अगदी बिनचूक. गेटपास झाला, सेफ्टी शूज मिळाले आणि मला क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये बसवलं. ऑपरेटरच्या ट्रेडमध्ये पंप, बॉयलर, डिस्टिलेशन कॉलम, कंट्रोल पॅनेल हे शिकायचं असतं. मी शिकत होते टायट्रेशन, पीएच आणि कार्ल फिशरवर मॉइश्चर काढणं. ते तरी बरं. डिस्पॅचची घाई असली की ड्रमांवर लेबलं चिकटवायला पाठवायचे. विचारलं तर एजंटचं उत्तर तयार : ‘सगळ्या डिपार्टमेंटची ओळख व्हायला नको का?’

मग एके दिवशी मोबाइलवर मेसेज आला की माझा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, तयार झाला आहे. पीएफ लागला! आईने देवापुढे साखर ठेवली. मामाला फोन केला. त्याचं सगळं आयुष्य खताच्या कारखान्यात गेलं. त्याने अभिनंदन केलंच नाही. ‘अप्रेंटिसला पीएफ कसा लागेल गं? तुला लेबरमध्ये दाखवलंय.’

कायद्याने अप्रेंटिस हा शिकणारा, कामगार नव्हे. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्याला पीएफ लागू होत नाही. पासबुक उघडलं तर मालक म्हणून कंपनीचं नाव नव्हतंच, कधी न ऐकलेल्या एका लेबर कॉन्ट्रॅक्टरचं होतं. पगाराच्या रकान्यातला आकडाही माझ्या हातात पडणाऱ्या ९,००० पेक्षा बराच मोठा. म्हणजे कागदावर मी हेल्पर होते आणि हेल्परचा पगारसुद्धा मला पुरता मिळत नव्हता. एजंटने वर ‘ट्रेनिंग’चे पैसे घेतले होते ते वेगळेच. कॉन्ट्रॅक्टरला मात्र हेल्परच्या भावात टायट्रेशन करणारी पदवीधर मुलगी मिळाली.

त्यानंतर मी पोर्टलवर स्वतःचं खातं उघडून पाहिलं. खरी अप्रेंटिसशिप असेल तर उमेदवार आणि कंपनी यांच्यातला करार तिथे नोंदलेला असतो, त्याला नंबर असतो. माझ्या नावावर काहीच नव्हतं. पदवीधरांसाठी शिक्षण मंत्रालयाचं नॅट्स हे दुसरं पोर्टल आहे, तिथेही शून्य. गोरव्याच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी पत्र बघितलं आणि एकच विचारलं, ‘कॉन्ट्रॅक्ट नंबर कुठाय?’

हा केवळ कागदाचा प्रश्न नाही, हे त्याच सुमारास आमच्यातल्या एका मुलामुळे कळलं. तोही याच एजंटचा. कॉस्टिक लायचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचं, सॅम्पल घेताना त्याच्या मनगटावर उडालं. कॉस्टिक पहिल्यांदा फारसं झोंबत नाही, साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं, आणि तेवढ्यात कातडी जात असते. नशीब, शॉवर जवळ होता. ड्रेसिंग झाल्यावर ऑफिसातून पहिला प्रश्न आला, ‘हा कुणाच्या कॉन्ट्रॅक्टमधला?’ नोंदलेला अप्रेंटिस ट्रेनिंगमध्ये जखमी झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते. इथे कंपनीने कॉन्ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं, कॉन्ट्रॅक्टरने एजन्सीकडे आणि एजंटने फोन उचलला नाही. मला सगळ्यात जास्त राग त्या दिवशी आला, माझ्या १८,५०० चासुद्धा एवढा आला नव्हता.

कंपनीचं म्हणणं, एजन्सीशी आमचा काही संबंध नाही. गेटपास मात्र त्यांच्याच सहीचा होता. मी पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली. यूपीआयच्या नोंदी, लेटरहेडचं पत्र, गेटपासचा फोटो आणि पीएफ पासबुकाची प्रिंट जोडली. पगारातल्या फरकासाठी कामगार खात्याकडे वेगळा अर्ज आहे. एजंटने मंडळातल्या त्याच ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवला : अर्ज मागे घ्या, निम्मे पैसे देतो. मामा म्हणाला घे आणि मोकळी हो, बाबा नको म्हणाले. आमच्या घरात तो वाद अजून मिटलेला नाही.

याच पद्धतीने लागलेल्या मुलामुलींनी एक गोष्ट लगेच तपासावी, कारण तिला वेळेची मर्यादा आहे. रिफायनऱ्यांच्या अप्रेंटिस जाहिरातींत बारीक अक्षरांत अट असते : एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव असलेला उमेदवार अपात्र. पीएफच्या नोंदीत हेल्पर म्हणून वर्ष भरलं, तर खोट्या अप्रेंटिसशिपपायी खरी हातची जाते. मी वर्ष भरण्याआधी लेखी राजीनामा देऊन बाहेर पडले, त्याची पोच घेतली आणि पीएफमध्ये सोडल्याची तारीख चढेपर्यंत कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा पिच्छा सोडला नाही. तारीख चढली आहे. तुमच्या पासबुकात मालकाच्या जागी कुणाचं नाव आहे, ते आजच बघा.