देठ दिसला होता, तरी पैसे पाठवले

भोपळ्याच्या बियांपायी माझे एकूण ४७,६०० रुपये गेले. त्यातले पहिले १,८५० मी बुडाले म्हणत नाही, कारण त्यांच्या बिया खऱ्या निघाल्या. उरलेले ४५,७५० रुपये, ज्या माणसाचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही त्याला, मी माझ्या हाताने चार हप्त्यांत पाठवले. घरी सांगायला मला तीन आठवडे लागले. इथे लिहायला वर्ष लागलं. आज लिहितेय, कारण तो माणूस अजून विकतोय.

मी गेली अकरा वर्षं भोपळे लावते. हौस म्हणून सुरू झालं आणि आज माझ्या बरण्यांत ६३ वाणांच्या बिया आहेत, प्रत्येकीवर साल आणि वेलीचा नंबर लिहून. म्हणजे या विषयात मी नवखी नाही. फसवणूक म्हटली की लोक पहिलं हेच विचारतात, "चौकशी केली नव्हती का?" केली होती. जेवढी कुणीही करेल त्याहून जास्त केली होती.

बियांची देवाणघेवाण करणाऱ्या एका ग्रुपमध्ये तो भेटला. घाई नाही, गोड बोलणं नाही. कुणाच्या मादीफुलाखालचं पिल्लू पिवळं पडून गळतंय म्हटलं, की हा शांतपणे सांगायचा की पराग नीट पोचला नाही, पहाटे हाताने परागण करा. बरोबर सांगायचा. मी चार वाण मागवले, १,८५० रुपयांना. ब्लॅक फुत्सू होता त्यात, जपानचा, काळपट, सुरकुतलेला आणि पिकला की तपकिरी होणारा. बिया उगवल्या, वेल झाले, फळं अगदी जशीच्या तशी आली. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. पण आवळा खरा असतो, म्हणूनच माणूस पुढे जातो ना? पहिला व्यवहार चोख झाला हा पुरावा नसतो. तो फसवणाऱ्यांचा भांडवली खर्च असतो.

पुढच्या हंगामाआधी त्याने २४ वाणांची यादी पाठवली. वाणाला ६०० रुपये, एकूण १४,४०० रुपये. यादी बघून माझं डोकं चालेनासं झालं हे कबूल करते. मरीना दि क्योज्जा, क्वीन्सलँड ब्लू, जाराडेल, लाँग आयलंड चीज, सेमिनोल, काळ्या बियांचा फिसिफोलिया, आणि मी सहा वर्षं शोधत असलेला गालो देझीन. फ्रान्सचा वाण. गुलाबीसर साल आणि तिच्यावर शेंगदाण्याची टरफलं चिकटवल्यासारखे उंचवटे. मी म्हटलं, फळ दाखवा. तो म्हणाला, "ताई, व्हिडिओ कॉल करतो ना."

त्या कॉलवर मी रोज रात्री परत जाते. कॅमेरा त्याच्या हातांवर. टेबलावर एक भोपळा, उंचवटे आहेत, रंगही बराचसा तसा. त्याने तो फिरवला आणि दोन-तीन सेकंद देठ समोर आला. कडक, पाच धारांचा, फळाला टेकतो तिथे पसरट झालेला, पक्ष्याच्या पंजासारखा. तो देठ मोस्काटा या भोपळ्याच्या प्रजातीचा आहे. गालो देझीन मॅक्सिमा या दुसऱ्या प्रजातीचा आहे, आणि मॅक्सिमाचा देठ गोल असतो, जाड, बुचासारखा मऊसर, वाळला की भेगाळतो. हे मी स्वतः नवीन लोकांना शिकवते! पानं फसवतील, रंग फसवेल, देठ बघा, असं शंभर वेळा सांगितलं असेल. आणि मी ते पाहिलं. पाहिलंच नाही असं नाही. मी विचारलंसुद्धा, "हा देठ असा कसा?" तो एक क्षण थांबला आणि म्हणाला, "वाळल्यावर आवळतो ताई, तुम्हाला तर माहीतच आहे." मला माहीत होतं की आवळून देठाला पाच धारा येत नाहीत. तरी मी "हो, हो" म्हटलं. समोरच्याला खोटं पाडायचा संकोच वाटला, आणि सहा वर्षांची वाट संपतेय हे सोडवेना. दहा मिनिटांत १४,४०० रुपये पाठवले.

तीन दिवसांनी म्हणाला, महाकाय भोपळ्याच्या तीन बिया आहेत, २०२३ च्या विक्रमी फळाच्या घराण्यातल्या. ते फळ अमेरिकेतलं, सुमारे १,२४७ किलोचं. या नादात असलेल्या सगळ्यांनी त्याचे फोटो पाहिलेत. एका बीला २,२०० रुपये, म्हणजे ६,६०० रुपये. या बिया विकायची एक ठरलेली रीत आहे. मूळ फळाचं वजन, लावणाऱ्याचं आडनाव, वर्ष, आणि कुठल्या वेलीचा पराग कुठल्या वेलीला दिला ते. एवढं नसेल तर ती बी कुणाचीही असू शकते. नंतर आलेल्या त्या बियांच्या पुडीवर फक्त "जायंट" लिहिलेलं निघालं. हे आधी विचारायला हवं होतं, तुम्ही तरी विचारा.

मग आला कागदांचा खेळ. बिया परदेशातून सुटताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं हे खरं आहे, आणि खऱ्याच गोष्टीवर खोटं टांगलं की ते चटकन लक्षात येत नाही. माल परदेशातून येताना वाटेत अडकलाय म्हणत त्याने त्या प्रमाणपत्राचे ६,७५० मागितले. कागदाचा फोटो आला, शिक्का होता, सही होती. पण २४ वाणांच्या पाच नाही तरी तीन प्रजाती होत्या, आणि कागदावर एकच ओळ, "भोपळा बियाणे". प्रजातीचं नाव नसलेलं असलं प्रमाणपत्र मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. शिवाय हे प्रमाणपत्र माल निघण्याआधी, निघण्याच्या देशात करतात. माल "वाटेत अडकल्यावर" त्याचे पैसे कसले? चार दिवसांनी १८,००० ची अनामत, "४८ तासांत परत". हो, तुम्ही म्हणाल इथे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तोवर २७,७५० अडकले होते, आणि आता थांबले तर तेही जातील हीच भीती होती. ही भीती वाटली ना, की समजा ते आधीचे गेलेत. पुढचा रुपया देऊ नका.

पाकीट खरोखर आलं. म्हणून तर मी तक्रारीला उशीर केला. तीन पुड्या संध्याकाळीच मैत्रिणींना दिल्या होत्या, उरलेल्या २१ रात्री टेबलावर दिव्याखाली एकेक करून उघडल्या. सुबक छापील चिठ्ठ्या, २१ वेगळी नावं. फिसिफोलियाच्या पुडीत बिया फिकट, मलईच्या रंगाच्या. त्याच्या बिया बहुतेक काळ्या असतात, आणि यादीत तर काळ्या बियांचाच म्हटला होता. मी पुडी पालथी केली, बोटाने कोपरे चाचपले, जणू काळ्या बिया कुठेतरी तळाशी असतील. मग मोस्काटाच्या पुड्या पाहिल्या. त्यांच्या कडा गडद, जराशा फाटल्यासारख्या हव्यात. इथे सगळ्या गुळगुळीत, काठासकट एकाच रंगाच्या. २१ पुड्यांत मिळून दोन, फार तर तीन प्रकारच्या बिया असतील. अनामतीबद्दल विचारलं तर "सोमवारी, ताई". तीन सोमवार गेले. मग त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

पुरावा म्हणून नऊ पुड्या लावल्या. हा निर्णय माझा होता आणि तो पैशांपेक्षा महाग पडला. पोलिसांनीच म्हटलं होतं, "बिया खोट्या आहेत हे कशावरून? उगवून तर बघा."

माझ्याकडे डेलिकाटा नावाचा भोपळा होता. आठ वर्षं राखलेला, दरवर्षी सगळ्यात गोड फळाची बी ठेवत आणलेला. तो पेपो प्रजातीचा. माझ्या बागेत आणि आसपास दुसरा कुठलाही पेपो नव्हता, म्हणून परका पराग येऊ नये यासाठी फुलं चिकटपट्टीने बांधतात तशी त्याची मी कधी बांधली नाहीत. मधमाश्यांनी कितीही फेऱ्या मारल्या तरी मॅक्सिमा किंवा मोस्काटाच्या परागाने तो सहसा बिघडत नाही. त्या नऊ पुड्यांच्या चिठ्ठ्यांवर एकही पेपो नव्हता. वेल मात्र पेपोचे निघाले. खरखरीत, काटेरी, खोल कातरलेली पानं. माझ्या लक्षात येऊन मी उपटेपर्यंत पंधरा दिवस नरफुलं उमलून गेली होती. आणि यातला दुष्टपणा असा, की त्या वर्षी डेलिकाटाचं फळ अगदी नेहमीसारखं आलं. चव तीच, पट्टे तेच. बिघाड आतल्या बीत असतो, तो पुढच्या वर्षी वेलीवर दिसतो. त्या हंगामातली सगळी बी मला फेकावी लागली. जुन्या बरणीत ३१ बिया होत्या, पैकी ४ उगवल्या.

त्या तीन पुड्या मी पाकीट आलं त्याच संध्याकाळी, उघडूनही न बघता, मैत्रिणींना दिल्या होत्या. एकीचा फोन आला, "अगं, भोपळा कडू जहर लागला, थुंकून टाकला." माझे हातपाय गार पडले. शोभेच्या कडू भोपळ्याशी संकर झाला की फळात कुकरबिटासिन हे कडू विषारी द्रव्य उतरतं. शिजवून ते जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीत ७९ वर्षांचे एक गृहस्थ शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन दगावले. मी तिघींनाही त्याच क्षणी फोन करून वेल उपटायला लावले. अनोळखी बीचं फळ असेल तर कच्ची फोड जिभेला लावा, कडू लागली तर थुंका आणि अख्खं फळ टाका. मीठमसाला घालून दडपू नका. कुणाचं मन राखायला खाऊ नका.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. बँकेत गेले. "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय." मी म्हटलं, समोरच्याचं खातं तुमच्याकडे नोंदलेलं आहे, त्याला गोठवा. तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला, "भोपळ्याच्या बिया, पंचेचाळीस हजार," आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मी त्या खुर्चीत बसून ते ऐकलं. मग कळलं, आधी ऑनलाइन तक्रार करा. तिथे फसवणुकीचे प्रकार निवडायचे, त्यात माझा प्रकारच नाही. "इतर" निवडलं. तक्रार क्रमांक मिळाला. अकरा महिने त्यापुढे "प्रक्रियेत" एवढंच दिसतंय. कृषी खात्यात गेले, तर पाकिटावर लॉट नंबर नाही, विक्रेता परवानाधारक नाही, म्हणून आमच्या कक्षेत येत नाही. अहो, परवाना नसताना विकतोय हीच तर तक्रार आहे! ग्राहक म्हणून दावा करायचा तर समोरच्याचा पत्ता हवा. कुरियरवाले पत्ता सांगेनात, पोलिसांनी विचारल्याशिवाय. पोलीस विचारेनात, कारण रक्कम "फार मोठी नाही". पाच ठिकाणी मिळून मी १७ चकरा मारल्या, तारखा वहीत आहेत. प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य एकच होतं, "उशीर केलात." उशीर झाला हे खरं आहे. तेवीस दिवस. पण जे पहिल्या दिवशी आले असतील त्यांना यांनी काय दिलं, हे मला विचारायचंय.

तरी तुम्ही उशीर करू नका. पैसे गेल्याचा संशय आला त्याच तासात बँकेला आणि सायबर तक्रारीला कळवा, खात्यात पैसे शिल्लक असतील तरच ते अडतात. चॅट पुसू नका. मी संतापात अर्धा पुसला, आणि देठाबद्दलचं बोलणं त्यातच गेलं. विकणाऱ्याकडून फळाचा वरून, खालून आणि कापलेला फोटो मागा. शेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायला लावा. गडद निळे, जांभळे, इंद्रधनुषी भोपळे दाखवतात, ते फोटो रंगवलेले असतात. निळा म्हणतात तो भोपळा राखाडी निळा असतो, जाराडेलसारखा. आणि नवी बी पहिल्या वर्षी जुन्या वाणांपासून लांब लावा, किंवा फुलं आदल्या संध्याकाळी बांधा, चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो. माझी आठ वर्षं एवढ्याच आळसापायी गेली.

गेल्या बुधवारी एका दुसऱ्या ग्रुपमध्ये नव्या नावाने २४ वाणांची यादी आली. नाव वेगळं, नंबर वेगळा. गालो देझीनचा फोटो तोच आहे. डाव्या कोपऱ्यात निळ्या मुठीची सुरी आणि टेबलाच्या कडेला जळल्याचा गोल डाग. तो फोटो कुणी पाठवला तर फोटो मोठा करून देठ बघा. मी तिथे लिहिलं की हा फसवतो. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.